वळवानंतरची सांज

१९०८ सालचा मे महिना सरत आलाय आणि तुम्ही भोगावतीच्या काठाला उभे आहात, नदी डोंगर सोडून करवीरच्या सपाटीला लागते तिथं. वर फेजिवड्याकडे शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं मनावर घेतलंय. ते पुरं व्हायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं जायची आहेत. इथं आत्ता विहिरीवर मोट चालते, पाणी पुरेल तेवढाच ऊस, बाकी रान जोंधळ्याचं. शाहूपुरीची गूळपेठ जेमतेम तेरा वर्षांची झालीय.

दुपारी वळीव बडवून गेला. ढेकळं विरघळली, मातीचा वास सुटला, आणि आता दिवस बुडायला आलाय. तुम्ही सहज खाली बघता तर पायापाशी माती हलतेय. एक विटकरी रंगाचं डोकं वर येतं, थांबतं, मिशा उघडतं. शेजारी दुसरं. मग बांधापर्यंत सगळीकडं तेच. क्षणभर थांबून एकेक भुंगेरा पंखांच्या ढाली उचलतो आणि जड आवाज करत बांधावरच्या बाभळीकडं जातो. थोड्या वेळात बाभळीच्या शेंड्यांवर इतकी दाटी होते की पाचोळा सळसळावा तसा आवाज खाली ऐकू येतो. पलीकडच्या बांधावर तशीच बाभूळ आहे. तिच्यावर मात्र फारसं कुणी नाही.

“काय पाव्हणं, बाभळीकडं बघत उभं ऱ्हायलाईसा?” मागून बैल हाकत आलेला म्हातारा विचारतो. तुम्ही भुंगेऱ्यांकडं बोट दाखवता. “भुंगं हाईत ते. वळीव पडला की येत्यात, चार दिसानं जात्यात. पाला खात्यात जरा. त्येंचं काय एवढं?” आणि हुमणी? “हुमणी भुईतली. तिचा न् ह्येंचा काय संबंध?”

त्याला दोष देऊ नका. हुमणी ही याच भुंगेऱ्याची अळी. अळी दिसते ती भादव्यात, उसाच्या मुळाशी, पांढरी आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. भुंगेरा दिसतो तो रोहिणीत, झाडावर. मधले महिने सगळं जमिनीखाली घडतं. हा भुंगेरा शास्त्राला १७८१पासून ठाऊक आहे, डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसनं त्याला ‘सेराटा’ हे नाव दिलं तेव्हापासून. पण नाव दिलं ते मेलेल्या, वाळलेल्या नमुन्याला. तो सांजेला बाहेर का येतो, एकाच झाडावर गर्दी का करतो, तिथं नर-मादीत काय चालतं, हे वाळलेला नमुना सांगत नाही. त्यासाठी जिवंत भुंगेरा समोर ठेवून रात्र काढावी लागते.

त्याच दशकात तशी रात्र काढणारा एक माणूस फ्रान्समध्ये आहे. सेरिन्यां नावाच्या खेड्यात जाँ-आँरी फाब्र १८७९पासून राहतो. तुम्ही पोचता तेव्हा तो ऐंशीच्या घरात आलेला आहे. हुमणीच्याच कुळातला पाइन वृक्षावरचा मोठा भुंगेरा त्यानं जाळीच्या पिंजऱ्यात, पाइनच्या डहाळीसकट ठेवलाय. उन्हाळ्यात दिवस सर्वांत मोठे असतात तेव्हा सांजवेळी हे भुंगेरे झाडाभोवती घिरट्या घालतात, नराच्या मिशांचा पंखा मादीपेक्षा कितीतरी मोठा असतो, हे तो बघत बसलेला आहे. त्याच्याकडं ना विजेचा दिवा, ना रसायनशाळा. आहे ती चिकाटी. पण नराला एवढा मोठा पंखा कशासाठी लागतो, याचं पुरतं उत्तर मिळायला तुम्हाला बरंच पुढं यावं लागतं.

वाटेत कोल्हापूर बदलत जातं. १९३२मध्ये कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहतो. राधानगरीचं पाणी खाली येतं, नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पडतात, गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघतात आणि मळीपासून माळापर्यंत उसाचं रान होतं. हुमणीच्या दृष्टीनं बघा: पूर्वी ज्या रानात पीक काढल्यावर नांगर फिरायचा, ऊन लागायचं, पाखरं अळ्या वेचायची, तिथं आता लावणीमागून खोडवा, खोडव्यामागून निडवा. तीन-तीन वर्षं माती उलथत नाही, मुळ्या कायम ओल्या. अळीला याहून चांगलं घर कुठलं मिळणार? हुमणी जुनीच आहे. तिचं एवढं मोठं संकट मात्र आपल्या उसाबरोबर वाढलं, हे मान्य केल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

आता १९९०च्या दशकात, राजस्थानच्या वाळूत या. जयपूरजवळच्या दुर्गापुऱ्याला हुमणीवरच्या देशभरच्या संशोधनाचं मुख्य केंद्र आहे. तिथली हुमणी आपल्या हुमणीची सख्खी बहीण, शास्त्रीय नाव होलोट्रिकिया कॉन्सॅन्ग्विनिया. पहिला पाऊस झाला की तीही बोर, कडुनिंब, खेजडीवर अशीच झुंडीनं जाते. जपानमध्ये काम करणारा ब्राझीलचा रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर लील आणि इथले सी. पी. एस. यादव यांना एकच गोष्ट हवीय: मादी हवेत नेमकं काय सोडते?

अंधारात डहाळीवर बसलेली मादी बघा. ती मागचे पाय रोवते आणि पोटाच्या टोकातून एक छोटा फुगीर गोळा बाहेर काढते. तीच तिची गंधग्रंथी. त्यातून निघणारा वास यंत्रातून वेगळा केला तेव्हा तो निघाला अ‍ॅनिसोल, म्हणजेच मेथॉक्सीबेन्झीन. साधं, कारखान्यात स्वस्तात तयार होणारं रसायन. बाटली उघडली तर बडीशेपेच्या जवळचा वास येतो.

या शोधातला खरा धक्का पुढं आहे. वास मादी सोडते म्हटल्यावर नरच यायला हवेत. पण अ‍ॅनिसोल लावलेल्या झाडावर नरांबरोबर माद्याही येतात. म्हणजे हा वास एका मादीनं एका नराला घातलेली साद राहत नाही, ते सगळ्या शिवाराला आवतण होतं. एक मादी बसली की तिच्या वासानं दुसऱ्या येतात, त्या वास सोडतात, गर्दी वाढत जाते. शेजारचं तसंच झाड रिकामं राहतं. १९९६मध्ये हे छापून आलं. भोगावतीकाठच्या पलीकडच्या बांधावरची ती बाभूळ आठवा. कोल्हापूरच्या आपल्या भुंगेऱ्याची मादी हाच वास सोडते असं मात्र धरून चालू नका, कारण जातीगणिक वासाचं रसायन वेगळं असू शकतं. गर्दी करण्याची सवय मात्र तिला पुरेपूर आहे, आणि गावातल्या कुठल्या झाडांवर दरसाल भुंगेरे बसतात हे गावाला पाठ असतं.

चीन-जपानमध्ये हिचीच दुसरी एक बहीण आहे, होलोट्रिकिया पॅरालेला. तिच्या वासाचं रसायन निराळं आणि वेळापत्रक तर आणखी निराळं. ओसाकाच्या प्रयोगशाळेत साकिको शिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुंगेऱ्यांना मातीच्या डब्यात ठेवलं. भुंगेरे वर आले, पण रोज नाही, एक रात्र सोडून. बाहेरचा उजेड-अंधार तोडला, अखंड काळोख केला, तरी ही अठ्ठेचाळीस तासांच्या आसपासची लय त्यांच्या अंगात चालूच राहिली. सजीवांमध्ये चोवीस तासांचं घड्याळ सर्रास सापडतं. दोन दिवसांचं फार दुर्मीळ. २०२४मध्ये लील आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी त्यापुढचं दाखवलं: मादी एक दिवसाआड वर येऊन वास सोडते, आणि नराच्या मिशांमधला तो वास ओळखणारा ग्राहीही एक दिवसाआडच जोरात असतो. मधल्या रात्री मादीही गप्प, नराचं नाकही गप्प. दोघांचं घड्याळ एकच.

हे प्रयोगशाळेतच कळू शकलं. रानात आज भुंगेरे कमी दिसले तर आपण म्हणतो, पाऊस नव्हता, वारा होता, चांदणं होतं. डब्यात पाऊस नाही, वारा नाही, चांदणं नाही. तरीही भुंगेरा ठरल्या रात्री वर येतो. मग कारण त्याच्या आतच शोधावं लागतं.

परत कोल्हापूरला चला. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं इथलं कृषी महाविद्यालय १९६३पासूनचं. हुमणीच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं काम इथंही होत आलंय. मेअखेरची सांज, साडेसहा वाजून गेलेत, खोलीत लाल दिवा. “या, बसा,” एक विद्यार्थिनी हळू आवाजात म्हणते. “मोबाइल तेवढा खिशात ठेवा. पांढरा उजेड पडला की भुंगेरे परत मातीत जातात.”

तुमच्यासमोर रुंद तोंडाची बरणी आहे. तळाला चाळलेली ओलसर माती, तिच्यात पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचलेली कडुनिंबाची डहाळी, तोंडाला मलमलीचं कापड आणि रबर. बराच वेळ काहीच होत नाही. मग मातीला भेग पडते. आधी डोकं, मग पुढचे दोन पाय. मिशीच्या टोकाच्या तीन पट्ट्या मिटलेल्या असतात, त्या एकदम उघडतात. नर आणि मादी ओळखायचे ते इथंच: नराच्या पट्ट्या लांब. दिवसा हातात घेतला तर दोघं सारखेच वाटतात.

मादी डहाळीवर चढते आणि लगेच पान कुरतडायला लागते. पानाच्या कडेपासून आत, शिरेपर्यंत. मग खाणं थांबवून ती मागच्या पायांवर थोडी उठते, पोटाचं टोक खाली वळवते. नर आत्तापर्यंत बरणीच्या भिंतीवर धडका घेत होता. तो थबकतो. मिशा पसरून डोकं डावी-उजवीकडं हलवतो आणि डहाळी पकडतो. मादीपर्यंत पोचल्यावर मिशांनी तिची पाठ चाचपतो, वर चढतो. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पुढचं बघून नवखा माणूस घाबरतो: मीलन जुळलं की नर पायांची पकड सोडून मागं कोसळतो आणि डोकं खाली करून, नुसत्या जोडणीच्या आधारावर, मादीच्या मागे लोंबकळत राहतो. मादी? ती पुन्हा पान खायला लागलेली असते. विद्यार्थिनी वहीत वेळ लिहिते. काही मिनिटांनी दोघं सुटतात. नर खाली पडतो, उलटा होतो, सावरतो. मादी रात्रभर खात राहते आणि उजाडायच्या आत मातीत जाते.

त्या मातीत तीन-चार इंच खोल, चार-आठ दिवसांत, ती एकेक अंडं वेगळ्या कोंदणात ठेवते. सगळी मिळून सुमारे ५० ते ६०. अंडं आधी लांबट पांढरं असतं, मातीतली ओल शोषून गोल टपोरं होतं. ओल नसेल तर ते जगत नाही. वळवाची वाट बघण्यामागचं अर्धं कारण इथं आहे: भुंगेरा हिवाळ्यापासून जमिनीत पूर्ण तयार होऊन बसलेला असतो, पण पाऊस झाल्याशिवाय वर येत नाही.

आता एक झेप जमिनीखाली घ्या. जून-जुलैत बारीक अळ्या कुजलेला काडीकचरा आणि कोवळी मुळं खातात. वर शेतकऱ्याला काहीच कळत नाही. दोन कात टाकून तिसऱ्या अवस्थेत आल्या की ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांची भूक सुटते. वर उसाची पानं पिवळी पडतात. मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, तो पाणी देतो. मग वाटतं खत कमी पडलं, युरिया देतो. शेवटी एक दिवस उसाचं बेट धरून ओढतो आणि अख्खं बेट हातात येतं. खाली मूळच उरलेलं नसतं. मग औषधांची दुकानं, आळवण्या, हजारोंचा खर्च. त्या वयाची अळी चिवट असते, मातीत खोलवर पसरलेली असते, आणि ओतलेलं औषध तिच्यापर्यंत पुरतं पोचत नाही. मेटारायझियमसारखी परोपजीवी बुरशी शेणखतातून घातली तर उपयोग होतो, पण तीही अळी लहान असताना, जमिनीत ओल असताना. थंडीत अळी खोल जाते, कोष करते, भुंगेरा होते. वर्ष भरलं.

या सगळ्या वर्षात हुमणी आपल्या हाताच्या टप्प्यात येते ती फक्त सांजेच्या त्या वेळी, पावसानंतरच्या मोजक्या दिवसांत, जोडीच्या शोधात. बरणीपुढं बसून लिहिलेल्या त्या वहीचा शेतकऱ्याला हा एवढा मोठा उपयोग आहे. म्हणूनच “किड्यांची लग्नं बघत बसतात” असं प्रयोगशाळेला हिणवणारं कुणी भेटलं की मला वाईट वाटतं. अळीवर औषध ओतणं सोपं वाटतं कारण ते दुकानात मिळतं. भुंगेऱ्याची वेळ दुकानात मिळत नाही.

नदीकाठच्या मंडळींनी मात्र इथं थांबून नीट ऐकायला हवं. पंचगंगा, वारणा, कृष्णा यांच्या मळीत दुसरी हुमणी आहे, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. हिचा भुंगेरा मोठा, वर येतो तो मृगाच्या पावसानंतर, जून-जुलैत. आणि तो काहीही खात नाही. पोटात साठवलेल्यावर जगतो, जोडी जुळवतो, मादी अंडी घालते, संपलं. सांजेला नर जमिनीलगत घिरट्या घालतात आणि मीलन बहुतेक तिथंच, गवतात नाही तर बुटक्या झुडपांवर उरकतं. त्यामुळं मळीतल्या शेतकऱ्यानं माळावरच्या पाहुण्याचं ऐकून कडुनिंबावर कीटकनाशक फवारलं तर पैसे वाया गेले. जो पान खातच नाही त्याला पानावरचं विष कसं लागणार? तिथं सांजेला कंदील-बॅटरी घेऊन बांधावर, गवतात भुंगेरे वेचायचे आणि पुढं नांगरटीच्या मागं अळ्या वेचायच्या. दोन हुमण्यांची मीलनाची रीत वेगळी, म्हणून बंदोबस्तही वेगळा. हा फरक न सांगता दिलेला सल्ला मी अर्धवट मानतो.

आता शेवटचं ठिकाण. आजचंच कोल्हापूर, करवीर किंवा हातकणंगल्याचं कुठलंही उसाचं गाव, वळवानंतरची दुसरी सांज. सात वाजायला आलेत. एका शेतकऱ्यानं आपल्या बांधावरच्या कडुनिंबाखाली ताडपत्री अंथरलीय. आकड्यानं फांद्या हलवल्या की भुंगेरे टपटप खाली पडतात, पोरं ते रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकतात. शेताच्या कडेला दिवा आणि खाली पाण्याचं घमेलं, तिथंही पडताहेत. बादली भरत आलीय आणि तुम्हाला वाटतं, जिंकलं. मग शेजारच्या रानाकडं बघा. तिथल्या निंबावर सळसळ चाललीय आणि खाली कुणी नाही. मालक पुण्यात असतो. तिथल्या माद्या पहाटे उतरतील आणि कुणाच्या सातबाऱ्यावर अंडी घालतोय हे बघणार नाहीत.

भुंगेरे जमावानं राहतात तर त्यांचा बंदोबस्त एकेकट्यानं होणार नाही, हे या सगळ्या निरीक्षणांतून निघणारं सरळ उत्तर आहे. सलग तीन-चार वर्षं, अख्ख्या शिवारानं, एकाच वेळी झाडं हलवली तरच अळ्या कमी होतात. कृषी खातं आणि साखर कारखाने मोहिमा घेतात, ते चांगलंच आहे, पण पत्रक गावात पोचेपर्यंत भुंगेऱ्यांची दाट गर्दी होऊन जाते. पाऊस कुठल्या गावात कधी पडला हे गावालाच आधी कळतं.

कोल्हापूर जिल्ह्यात एकत्र येऊन पाणी वाटून घेण्याची सवय जुनी आहे. तेव्हा विनंती एवढीच: यंदा मेच्या मध्यावर तुमच्या पाणीपुरवठा संस्थेची किंवा सोसायटीची बैठक बसेल, तेव्हा पाण्याच्या पाळ्यांबरोबर भुंगेरे गोळा करायच्या पाळ्याही लावा. गावातली भुंगेऱ्यांची झाडं कुठली याची यादी म्हाताऱ्यांना विचारून आधीच करून ठेवा, जो मालक गावात नसेल त्याच्या झाडाखाली कोण उभं राहणार हेही ठरवा. आणि वळीव पडला की त्याच संध्याकाळी, साडेसहाच्या आत, ताडपत्री घेऊन बांधावर हजर राहा.